खुणेनं वाढवलेली पोर

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवंला लागून एक गाव हाय, नाव सांगितलं तरी तुमाला ठावं नसणार. तितं आमी घरात कानडी बोलायचो आन् बाजारात मराठी, शाळा बी कानडीच, चौथीपातूर शिकले मी, पुढं अव्वा म्हणली बास. अव्वा म्हंजी आई. अप्पा ज्वारी आन् तूर करायचे, आमी पाच भावंडं, त्यातली मी चौथी, म्हंजी लाडाची बी न्हाय आन् नकोशी बी न्हाय, कुणाच्या ध्यानातच नसलेली. अव्वानं मला कवा मांडीवर घिऊन गोष्ट सांगितली असं काय आठवत न्हाय, पर कवा मारलं बी न्हाय. सकाळी येणी घालायची तवा केस वढून अशी घट्ट घालायची की डोळ्यात पाणी यायचं, तेवढाच तिचा हात लागायचा दिवसातनं. मला वाटायचं समद्यांच्या आया अशाच असत्यात.

लगीन करून सोलापुरात आले. भाग्याचे पप्पा, भाग्या माझी पोरगी, एकच हाय, तिचं पुढं सांगते, तर तिचे पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवायचे, टॉवेलचे माग, आन् लग्नाच्या तिसऱ्या महिन्याला मी बी त्याच कारखान्यात कांड्या भरायला लागले. मागात इकडनं तिकडं पळतो त्या धोट्यात सुताची कांडी बसती की, ती भरायची. आमची कांडीची मशीन बी मागाच्याच शेडात. तुमी कवा शेडात गेलाय का ताई? एकदा जाऊन बघा. समदे माग एकदम चालू असले की कानाला तोंड लावून वरडलं तरी ऐकू येत न्हाय. पयले आठ दिवस मला वाटलं डोस्कं फुटतंय, मग सवय झाली, मग इतकी सवय झाली की लाईट गेली आन् माग थांबले की त्या शांततेनंच दचकायची.

तर तितं बोलायचं समदं हातानं. ते कुणी शिकवत न्हाय, बघून बघून येतं. अंगठा तोंडाकडं नेला म्हंजी पाणी, मूठ वळून कानापाशी हलवली म्हंजी भायेरनं बोलावणं आलंय. कपाळावरनं तीन बोटं आडवी फिरवली म्हंजी मालक आला, कारण आमचे थोरले मालक कपाळाला इभूत लावायचे, तीन पट्टे, आता त्यांचा पोरगा बघतो समदं, तो काय इभूत लावत न्हाय, पर त्यो आला तरी आमी तीन बोटंच फिरवतो, त्येला कुटं ठावं हाय. आन् दोरा तुटला असंल तर दोन्ही हाताची बोटं एकमेकांत अडकवायची आन् झटक्यानं वढून सोडवायची. ही खूण दिसली की हातातलं काम टाकून जायचं. का, कुटं, कसं, असं इचारत बसायचं न्हाय, इचारत बसला तर तवर कापडात फट पडती आन् ते वाया जातं.

भाग्या झाली ती लग्नानंतर चार वर्सांनी. घरी सासू न्हाय, सासरा न्हाय, ठिवायची कुणापाशी? मग तिला संगं न्यायची. शेडाच्या दाराभायेर, आवाजापासनं जरा लांब, सुताच्या पोत्यांवर गोधडी टाकून बसवायची, दारातनं ती मला दिसली पायजे आन् मी तिला. रडली तरी मला ऐकू येणार न्हाय, म्हणून मी तिच्याकडं सारखी बघायची, कांडी बघायची, तिला बघायची, कांडी, तिला. ती बी बघायची. दोन वर्साची व्हती तवापासनं ती अंगठा तोंडाकडं न्यायला लागली, मी पाणी द्यायची. छातीवर हात ठिवून हनुवटी वर केली म्हंजी बरं हाय का, असं आमी शेडात इचारतो, मी लांबनं तसं केलं की ती बी छातीवर हात ठिवायची. आमचं चाललं व्हतं. घरी आलं की आमी दोघं बारा तास त्या खडखडाटातनं आलेलो, कान नुसते गुंई गुंई करत्यात, कुणाला बोलावं असं वाटायचंच न्हाय, तिघं जण जेवायचो, ताट घासायची, झोपायचो. शेजारीण म्हणायची तुमच्या घरात माणसं हायती का न्हाई तेच कळत न्हाय गं शांते. मला त्यात काय वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटायला लागलं ती शाळेत गेली तवा. बाईंनी बोलावून घेतलं, म्हणल्या पोरगी बोलत न्हाय, हाक मारली तर बघती पर तोंड उघडत न्हाय, हात करती, तिचे कान एकदा दाखवून घ्या. एक दिवस खाडा करून कानाच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी यंत्र लावलं, घंट्या वाजवल्या, समदं केलं. मी आपली खिडकीकडं तोंड करून उभी, आन् बघते तर भाग्या माझा पदर वढती, आन् डॉक्टर माझ्याकडं बघत्यात. मागनं तीनदा हाक मारली म्हणे त्यांनी मला. मग मला बी खुर्चीत बसवून यंत्र लावलं. मग म्हणले बाई, पोरीचे कान चांगले हायती, तुमचे अर्धे गेलेत. हसू नगा, मी बी हसले व्हते तवा. पर घरी येताना रिक्षात हसू गेलं. मला वाटलं, म्हंजी ह्या लेकरानं मला हाका मारल्या असतील आन् मी ऐकल्याच नसतील, म्हणून तिनं मारायचं सोडलं. चूक माझी हाय.

आता माझ्या जावंचं सांगते. माझे थोरले दीर एका कालेजात कारकून हायती, जुळे सोलापूर भागात त्यांचा फ्लॅट हाय, जाऊ विजयाक्का, शिकलेली हाय, बी.ए. झालेली. मी आधीच सांगते, तिच्याबद्दल वाईट लिहू नगा, बाई सोन्यासारखी हाय. तिला एकच पोरगा, मयूर, भाग्यापेक्षा दोन वर्सांनी मोठा. तिचं त्याच्याशी सकाळपासनं बोलणं चालू. चल आता आपण भाजी चिरूया, हे काय आहे, गाजर, गाजर कसलं, केशरी, अजून केशरी काय असतं सांग बघू. मी तोंडाकडं बघत बसायची. फ्रिजवर एक कागद लावलेला, दूध पिलं की त्यावर चांदणी चिकटवायची, दात घासलं की चांदणी, गोष्ट सांगितली की दोन चांदण्या. पोरगं चुरूचुरू बोलायचं. ती मला म्हणायची, शांता, मुलांशी बोलावं लागतं गं, नाहीतर ती आत आत जातात. खरंच म्हणत व्हती ती.

मग मी बी लागले तसं करायला. काय सांगू तुमाला, आता आठवलं की माझंच मला कसंतरी वाटतं. कारखान्यातनं आले की चप्पल काढायच्या आत इचारायची, आज शाळेत काय झालं. आता माझा आवाज, कान असं झालेले, मला वाटायचं मी हळूच बोलतीय, पर ते वरडल्यागत निघायचं. भाग्या घाबरून दप्तर उघडायची आन् वही पुढं करायची, तिला वाटायचं मी रागावलीय. भाजी चिरताना म्हणायला बसले, हे काय हाय, वांगं, ती माझ्याकडं बघायची, कारण वांगं हाय हे तिला ठावं, मला ठावं, मग इचारायचं कशाला? चांदण्या बी आणल्या इकत. रोज चिकटवायचं ध्यानात राहायचं न्हाय, मग एका सुट्टीच्या दिवशी बसून समद्या एकदम चिकटवल्या दारावर. ती म्हणली कशाच्या? असंच, म्हणलं. एवढं करून महिन्याभरात एक झालं, पोरगी आधी हातानं तरी बोलायची माझ्याशी, ते बी कमी केलं. मी घरात आले की ती जरा आवरून बसायला लागली, पावणं आल्यावर बसतो तसं.

भाग्याची तिसरी झाल्यावर अक्का म्हणली, वर्षभर दे माझ्याकडे, मी बोलकी करून देते. भाग्याच्या पप्पांना इचारलं तर ते व्हय बी म्हणले न्हाईत आन् न्हाय बी, म्हणले तू बघ. मी बघितलं. मला वाटलं चांगली आई असती तर हेच करंल, जितं चांगलं हाय तितं पोर ठिवंल. माझ्यापाशी काय हाय, दोन बहिरे कान आन् सूत. दिली. तिकडंच चौथीला शाळेत घातली. ती गेली त्या दिवशी रडली न्हाय, मी बी न्हाय. तिचा फ्रॉक एक वाळत राहिला व्हता दोरीवर, तो मी तिसऱ्या दिवशी काढला.

सुट्टीच्या दिवशी जायची मी भेटायला. आन् खरंच सांगते, पोरगी सुधारली. दिवाळीपातूर बोलायला लागली, सुरेख, शुद्ध, अक्कासारखं. आई, तू बस ना, तुला पाणी आणू का. कविता म्हणून दाखवायची हात मागं बांधून. हात मागं बांधून उभं राहायचं असं त्या शाळेत शिकवलं व्हतं. मी म्हणायची छान. अक्का खुश, तिनं लई कष्ट घेतले, मयूरच्या बरोबरीनं खाऊपिऊ घातलं, कुटं दुजाभाव न्हाय. येताना मात्र मला लई वाईट वाटायचं. वाईट वाटायचं आन् वाईट वाटतं म्हणून माझाच राग यायचा, की बाई, तुझ्या पोरीचं चांगलं चाललंय आन् तुला वाईट वाटतंय, तू कसली आई.

चौथी संपत आली. अक्का म्हणली, आता पाचवीपासून तिला चांगल्या इंग्रजी शाळेत घालूया, दहावीपर्यंत राहू दे इथंच, फॉर्म आणलाय, तुझी सही हवी फक्त. म्हंजी सहा वर्सं. वर्सभर देणं निराळं, पर सहा वर्सं राहिली की पोर त्या घरची होती, हे न बोलता समद्यांना कळत व्हतं. मी सही करायचीच म्हणून गेले व्हते. खोटं कशाला सांगू. सही मला येती, शाळा कानडी तरी सही मी मराठीत करते.

हॉलमदी बसलेलो. थोरले दीर पेपर बाजूला ठिवून बसलेले, भाग्याचे पप्पा खुर्चीच्या टोकावर, मधल्या टीपॉयवर फॉर्म आन् त्यावर पेन. मयूर टीव्ही बघत व्हता. भाग्या माझ्या समोर, अक्काच्या शेजारी सोफ्यावर. अक्का म्हणली, तिलाच विचारूया की, भाग्या, राहशील ना बाळा इथं आमच्याकडे? भाग्या म्हणली, हो मोठी आई, मला इथं खूप आवडतं. स्वच्छ, समद्यांना ऐकू जाईल असं, मला सुद्धा ऐकू आलं. दीर हसले. आन् तेच बोलताना तिचे हात मांडीवर व्हते, अक्का माझ्याकडं बघत व्हती, तिला ते दिसले न्हाईत. तिनं दोन्ही हाताची बोटं एकमेकांत अडकवली आन् वढून सोडवली. एकदा. मग माझ्याकडं बघितलं.

दोरा तुटला.

मी उठले. पेनाला हात बी लावला न्हाय. म्हणलं, चल. अक्का म्हणली, चल म्हणजे कुठं? म्हणलं घरी. अगं पण ती आत्ता हो म्हणाली की, तुझ्यासमोर म्हणाली. व्हय, म्हणाली, म्हणलं मी. दीर म्हणले, शांता, असं तडकाफडकी काय, काय झालं काय, पाच मिनिटं बस. मी काय सांगणार त्यांना? सांगितलं असतं तर पोरगी खोटी पडली असती समद्यांदेखत, आन् अक्काला वाटलं असतं की आपल्या घरात पोरीला त्रास झाला. भाग्याच्या पप्पांनी खाली मान घातली व्हती, त्यांनी खूण बघितली का न्हाय मला आजून ठावं न्हाय, पर ते बी उठले. अक्काचे डोळे भरून आले. म्हणली, वर्षभर मी काय कमी केलं ते तरी सांग. कायच कमी केलं नव्हतं तिनं. आमी तसेच चपला घालून भायेर पडलो, तिचे कपडे, वह्या समदं तितंच राहिलं, ते मागनं दिरांनी आणून दिलं. अक्का चार वर्सं माझ्याशी बोलली न्हाय. तिचं बरोबर व्हतं.

रिक्षात भाग्या मधी बसली. सात रस्त्याच्या चौकापाशी मी छातीवर हात ठिवून हनुवटी वर केली, ती जरा वेळ तशीच बसली, मग तिनं छातीवर हात ठिवला. तितं काय झालं व्हतं, हे मी त्या दिवशी इचारलं न्हाय. काय झालं नसंल बी. तितं वाईट काय नव्हतंच, तीच तर पंचाईत व्हती, वाईट असतं तर तिला तोंडानं सांगता आलं असतं.

पुढं काय समदं गोड झालं असं न्हाय हां ताई. पाचवीला म्हापालिकेच्या शाळेत घातली, तितं परत बाई म्हणल्या पोरगी कमी बोलती. ह्या बारीला मी म्हणलं, बोलती ती, तिला लागंल तवा बोलती. आठवीला गणितात नापास झाली, तवा सगळे म्हणले, बघ, तितं असती तर. मी बी म्हणले मनात. किती तरी दिवस म्हणत व्हते. मयूरला दहावीला चांगले मार्क पडले, पेढे घिऊन अक्काच आली घरी, तितनं आमचं बोलणं परत सुरू झालं, तवा बी पेढा खाता खाता माझ्या डोक्यात त्येच.

मी काय केलं म्हणाल तर बोलायचं नाटक तेवढं सोडलं. मी आता कांडीवर न्हाय, घडीला असते, टॉवेल तपासून घडी घालायची. त्यात डोळ्यापेक्षा हात कामाला येतो, कुटं गाठ हाय, कुटं फट हाय, हात फिरवला की कळतं. भाग्या शाळेतनं, कालेजातनं आली की दारात तिच्या पाठीवरनं एक हात फिरवायचा, वरपासनं खालपातूर, एकदाच. पाठ ताठ असली की समजायचं काय तरी झालंय, मग त्या दिवशी तिला कामाला लावायचं न्हाय, गरम भाकरी करून द्यायची आन् शेजारी बसायचं. सांगितलं तर सांगितलं. तिच्या पयल्या पाळीच्या वक्ताला बी तसंच कळलं मला, ती बोलायच्या आधी. आता हे काय शिकवण्यासारखं न्हाय कुणाला. दुसऱ्या बाईच्या पोराला असलं केलं तर ते पळून जाईल.

आमच्या घडीखात्यात एक नवी पोरगी आलीय, रेणुका, तिचं बाळ आठ म्हैन्याचं. ती जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर बघत असती, कुटल्या कुटल्या आया, त्यांची घरं ही अशी पांढरी, पोराला काय भरवायचं, किती वाजता झोपवायचं, खेळणी कसली द्यायची. बघती आन् तोंड बारीक करून बसती. मला म्हणली मावशी, माझं समदं चुकतंय. मी म्हणलं तुझं बाळ तू घरी गेल्यावर हसतं का? म्हणली हसतं. म्हणलं मग जा घरी. आता म्हणायला सोपं हाय. मला हे कळायला पोर घालवून बसायची येळ आली व्हती.

आन् हे बी लिहून घ्या. मयूर आता पुण्याला कंपनीत हाय, दोन दोन म्हैने येत न्हाय, आन् भाग्या माझ्यापाशी हाय, तर लोक मला येऊन सांगत्यात की बघ शांते, शेवटी तूच जिंकलीस. मला ते अजिबात आवडत न्हाय. त्यात जिंकायचं काय? मयूर रोज आईला फोन करतो, अर्धा अर्धा तास बोलतो, काय जेवला ते सांगतो, कसली भाजी ते सांगतो. तिनं त्येला बोलायला शिकवलं, तो बोलतो. तिचं तिच्या परीनं झालं, माझं माझ्या. आधी तिच्या मापानं मला मोजलं, आता माझ्या मापानं तिला मोजायला निघालेत.

भाग्या बी.एस्सी. झाली, दुसऱ्या येळंला का होईना पर झाली. आता चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमदी हाय, सकाळी बसनं जाती, संध्याकाळी येती. तिचे पप्पा तीन वर्सं झाली गेले, दोघीच असतो. माझे कान आता लईच गेलेत, तिनं यंत्र आणून दिलंय, मी ते कारखान्यात काढून ठिवते आन् घरी घालते, खरं तर घरी बी काय लागत न्हाय.

तुमी येणार, माझं सांगणं लिहून घेणार, म्हणून ह्या चार दिसात डोक्यात हेच घोळत व्हतं. परवा जेवायला बसल्यावर मी तिला इचारलं. इतक्या वर्सात पयल्यांदा. म्हणलं, तुला अक्कापाशीच ठिवली असती तर बरं झालं असतं का गं? खरं सांग, मला वाईट वाटणार न्हाय. ती म्हणली, इंग्रजी चांगलं झालं असतं. मी म्हणलं व्हय. खरं हाय. मला वाईट वाटणार न्हाय म्हणले व्हते, पर वाटलं. मग ती म्हणली, तितं मला भूक लागली की मी मोठी आईला इचारायची, घेऊ का. ती रोज म्हणायची अगं विचारतेस काय, तुझंच घर आहे. तरी मी इचारायची. एवढं बोलली, आन् माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली, तिच्या ताटात भाकरी असताना, आन् जेवायला लागली.

पुढं काय इचारायचं राहिलंच न्हाय. तर असं हाय ताई माझं. तुमाला लेकरं हायती म्हणलात न्हवं, दोन? घरी वाट बघत असतील, जावा आता, अंधार व्हायच्या आत पोचा. सुखात असू द्या त्यांना, आन् तुमाला बी.